एक रायफल, एक गोळी: मोठ्या शिकारीचं काडतूस स्वतः भरताना

बोलताना आपण ‘गोळ्या भरल्या’, ‘गोळ्या संपल्या’ असं सरसकट म्हणतो. या लेखापुरतं तेवढं सोडून द्या. काडतूस म्हणजे अख्खी वस्तू: पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठिणगी देणारा प्राइमर, पोटात बंदुकीची दारू आणि तोंडात दाबून बसवलेली गोळी. सावजापर्यंत पोचते ती फक्त गोळी. तरीही स्वतः काडतुसं भरणारे दोघे भेटले की गप्पा रंगतात त्या दारूच्या, वेगाच्या आणि कागदावरच्या एकाला एक चिकटलेल्या भोकांच्या. गोळी कुठली, हे शेवटी कधीतरी ठरतं. माझं म्हणणं उलटं आहे. आधी गोळी ठरवा, मग तिचं वजन, मग दारू; आणि वेगाचा मोह सगळ्यात शेवटी, तोही जमल्यास नकोच.

उदाहरणासाठी मी थर्टी-ऑट-सिक्स, म्हणजे .३०-०६ हे काडतूस घेतो. अमेरिकी सैन्याने ते १९०६ साली स्वीकारलं, नावातला ‘०६’ तिथलाच. छोट्या हरणापासून मूस या अवाढव्य हरणापर्यंत सगळ्याला चालेल अशा रायफलीचं नाव विचारलं, तर आजही बरेच जण हेच सांगतील. तुमच्याकडे .३०८ विंचेस्टर, .२७० विंचेस्टर किंवा ७×५७ माउझर असेल तर आकडे बदलतील, विचार तोच राहील.

आधी सावज, अंतर आणि कायदा

कागद घ्या आणि तीन गोष्टी लिहा. सगळ्यात मोठं जनावर कुठलं? सगळ्यात जवळून बार कुठे काढावा लागेल? आणि सगळ्यात लांबून, प्रामाणिकपणे, तुम्ही कुठवर मारू शकता? हा ‘प्रामाणिकपणे’ शब्द महत्त्वाचा. बाकावर वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवून मारलेलं अंतर इथे धरायचं नाही. धापा टाकत, गुडघा टेकून, वारा कानात भरलेला असताना जे जमतं ते धरायचं. माझ्यासाठी ते २५० मीटरच्या आसपास संपतं आणि त्याची मला लाज वाटत नाही.

त्याच कागदावर जिथे शिकार करणार तिथला नियमही लिहा. जर्मनीत लाल हरीण, रानडुक्कर अशा मोठ्या जनावरांसाठी गोळीचा व्यास किमान ६.५ मिलिमीटर आणि १०० मीटरवर ऊर्जा किमान २००० जूल लागते. स्वीडनमध्ये मूसच्या वर्गासाठी गोळी किमान ९ ग्रॅमची आणि १०० मीटरवर २७०० जूल, किंवा १० ग्रॅम नि त्याहून जड असेल तर २००० जूल. कॅलिफोर्नियात १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाची गोळी पूर्ण बंद आहे. काडतुसं घरी भरण्याला परवाना लागतो की नाही, हेही देशागणिक बदलतं. हे आधी बघा, साहित्य नंतर.

गोळीची परीक्षा दोन टोकांना

गोळीवर लिहिलेलं असतं वजन, जाहिरातीत असतो वेग. पण जनावरात गोळी काय करेल हे ठरतं ती आदळते तेव्हाच्या वेगावर. .३०-०६ मधून १८० ग्रेनची गोळी सेकंदाला साधारण ८२० मीटर वेगाने निघते. वीस मीटरवर झाडीतून अचानक समोर आलेल्या डुकराच्या फऱ्याच्या हाडावर ती जवळपास त्याच वेगाने आदळते. तीच गोळी पावणेतीनशे मीटरवर पोचते तेव्हा वेग साडेसहाशेच्या घरात आलेला असतो, आणि समोर कदाचित नुसत्या बरगड्या असतात. पहिल्या ठिकाणी तिने फुटून भुगा व्हायचं नाही, दुसऱ्या ठिकाणी सुईसारखं आरपार निघून जायचं नाही. एकाच गोळीला दोन्ही परीक्षा द्यायच्या आहेत. बहुउपयोगी रायफलीची सगळी अडचण एवढ्यात आली.

ग्रेन हे माप ज्यांना परकं वाटतं त्यांच्यासाठी: एक ग्रेन म्हणजे ०.०६४८ ग्रॅम, सोनाराच्या गुंजेच्या निम्म्याहून थोडा जास्त. १८० ग्रेन म्हणजे ११.७ ग्रॅम.

बाजारातल्या शिकारी गोळ्यांचे ढोबळ चार प्रकार पडतात. पहिला जुना आणि साधा: तांब्याच्या मिश्रधातूचं कवच आणि आत शिसं, दोन्ही एकमेकांना चिकटवलेली नाहीत. रेमिंग्टनची कोअर-लोक्ट, हॉर्नडीची इंटरलॉक, सिएराची गेमकिंग या त्यातल्या. स्वस्त, बहुतेक नळ्यांतून सरळ जाणाऱ्या, हरणासाठी उत्तम. त्या उगीच बदनाम आहेत. .३०-०६ च्या वेगाला १८० ग्रेनची अशी गोळी बऱ्याच मोठ्या जनावरापर्यंत काम करते. तिचं बिनसतं ते हलकी गोळी, मॅग्नम (जास्त दारूच्या, जोरकस) काडतुसाचा वेग आणि जवळचं हाड हे तिन्ही एकत्र आले की. मग कवच एकीकडे, शिसं एकीकडे, आणि जखम उथळ.

दुसरा प्रकार याच दुखण्यातून जन्मला. जॉन नॉस्लर १९४६ मध्ये ब्रिटिश कोलंबियात मूसच्या शिकारीला गेला होता. चिखलाने माखलेल्या मूसच्या फऱ्यावर त्याच्या वेगवान गोळ्या फुटल्या, आत पुरेशा गेल्याच नाहीत. परत येऊन त्याने गोळीच्या मधोमध तांब्याची आडभिंत ठेवली: पुढचं शिसं उमलतं, उडतं, खर्ची पडतं, मागचं शिसं भिंतीआड सुरक्षित राहून खोल जातं. हीच पार्टिशन. पाऊणशे वर्षं झाली, ती अजून विकली जाते. बाहेर काढल्यावर तिचं वजन सहसा मूळच्या साठ-सत्तर टक्के भरतं. आकडा कमी वाटतो, पण उरलेलं वजन योग्य जागी गेलेलं असतं.

तिसऱ्या प्रकारात शिसं कवचाला वितळवून जोडलेलं असतं. नॉस्लरची अक्युबाँड, स्विफ्टची ए-फ्रेम (हिच्यात आडभिंतही आहे आणि जोडही). ही कमी वेगालाही उमलते आणि जवळ हाड लागलं तरी एकसंध राहते.

चौथी पूर्ण तांब्याची. बार्न्सने अशी एक्स गोळी १९८९ मध्ये आणली, तिचीच पुढची पिढी टीएसएक्स. वजन जवळजवळ अजिबात कमी होत नाही, चार पाकळ्या उघडतात आणि ती बहुधा आरपार जाते. मांसात शिशाचे कण राहत नाहीत, ही मोठी जमेची बाजू. पण दोन गोष्टी लक्षात ठेवा. तांबं शिशापेक्षा हलकं, त्यामुळे तेवढ्याच वजनाची गोळी लांब होते आणि पुंगळीत दारूची जागा खाते. म्हणून १८० ऐवजी १६५-१६८ घ्यावी. आणि नीट उमलायला तिला आदळताना सेकंदाला ६०० मीटरच्या आसपास वेग हवा. साध्या शिशाच्या गोळीला साडेपाचशेही पुरतात. नेमका आकडा कंपनीकडून घ्या आणि कागदावरच्या तुमच्या सगळ्यात लांबच्या अंतराशी ताडून बघा.

माझी निवड? शिसं चालत असेल तिथे तिसरा प्रकार, १८० किंवा १६५ ग्रेन. शिसं बंद असेल तिथे तांबं, १६५-१६८. नुसतीच हरणं मारायची असतील तर पहिला प्रकार घ्या आणि वाचलेल्या पैशाने सराव करा. पण ‘हरणासाठी ही, एल्कसाठी (हेही मोठं हरीणच) ती, लांबच्यासाठी तिसरी’ असा संसार मांडू नका. प्रत्येक गोळी वेगळ्या जागी लागते, आणि ऐन वेळी खिशात कुठलं काडतूस आहे हे आठवत बसायला वेळ नसतो. सगळ्यात मोठ्या जनावराला पुरेल अशी एकच गोळी ठेवा. छोट्या जनावराला ती थोडी जास्त झाली तर बिघडत नाही. उलट जड, सावकाश गोळी मांस कमी नासवते.

वजनाबद्दल एवढंच सांगतो: एकाच बनावटीची गोळी व्यासाच्या मानाने जितकी जड, तितकी ती खोल जाते. .३०-०६ च्या नळीत गोळीला फिरकी देणाऱ्या आट्या असतात, त्यांना बहुधा दर १० इंचांत एक पीळ असतो आणि तो २२० ग्रेनपर्यंतची शिशाची गोळी स्थिर ठेवतो. मधली वजनं निर्धास्त घ्या.

दारू, आणि मी इथे आकडे का देत नाही

कुठली दारू किती ग्रेन, हे या लेखात मुद्दाम दिलेलं नाही. कुणी सांगितलं, कुठेतरी वाचलं, मित्राच्या रायफलीत चाललं, यावर काडतूस भरू नये. गोळी बनवणाऱ्या किंवा दारू बनवणाऱ्या कंपनीची चालू तक्ता-पुस्तिका घ्या. तिच्यात तुमच्या गोळीच्या प्रकाराला आणि वजनाला सुरुवातीचं माप आणि कमाल माप दिलेलं असतं. तांब्याच्या गोळीला शिशाच्या गोळीचा तक्ता लावू नका, वजन तेच असलं तरी.

.३०-०६ मध्ये १६५ ते १८० ग्रेनसाठी मध्यम-सावकाश जळणारी दारू बसते, ४३५० या नंबरच्या आसपासची. तिचा एक न बोलला जाणारा गुण असा की पुंगळी बरीचशी भरते. चुकून दोनदा ओतली तर ती तोंडातून सांडते आणि चूक तिथेच कळते. आता नावांचा सापळा बघा: एच ४३५० आणि आयएमआर ४३५० या दोन वेगळ्या दारू आहेत, एच ४८३१ आणि आयएमआर ४८३१ सुद्धा. आकडा सारखा, तक्ता वेगळा. म्हणून बाकावर एका वेळी एकच डबा. काम संपलं की मापकात उरलेली दारू त्याच संध्याकाळी त्याच डब्यात परत. मापकात सकाळी सापडलेली अनोळखी दारू फेकून द्यायची, ओळखायचा प्रयत्न करायचा नाही.

तापमानाला कमी बदलणारी दारू मिळत असेल तर चार पैसे जास्त द्या. उन्हात गाडीच्या काचेखाली तापलेल्या काडतुसाचा दाब आणि बर्फातल्या काडतुसाचा दाब एक नसतो.

पुंगळी: सगळा वेळ इथे घाला

रिकामी पुंगळी हातात घ्या. बार झाला तेव्हा ती फुगून चेंबरच्या, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाला काडतूस बसतं त्या पोकळीच्या, भिंतीला टेकली, म्हणून आता किंचित मोठी आहे. डायमध्ये, म्हणजे पोलादी साच्यात, दाबून तिला पुन्हा आकारात आणायचं. पूर्ण दाबायची की फक्त मान (गोळी धरणारा पुढचा अरुंद भाग) दाबायची, यावर लोक भांडतात. शिकारीसाठी पूर्णच दाबा. मी सुरुवातीला पितळ वाचवायला फक्त मान दाबत असे. घरी तीनदा चाललं. चौथ्यांदा त्याच पुंगळ्या घेऊन शिकारीला गेलो, पहाटेच्या थंडीत चेंबर बंद करणारा बोल्ट पुढे ढकलला आणि तो पाऊण वाटेत अडला. समोर ऐंशी मीटरवर हरीण, हातात बंद न होणारी रायफल. मी तळव्याने बोल्टवर ठोसा मारला, तो आवाज हरणाला पुरला. घरी येऊन मोजलं तर पुंगळीचा खांदा, म्हणजे मानेखालचा उतरता भाग, चेंबरपेक्षा पुढे सरकलेला. चूक सर्वस्वी माझी.

मात्र पूर्ण म्हणजे वाटेल तितकी नव्हे. बार झालेल्या पुंगळीपेक्षा खांदा साधारण ०.०५ मिलिमीटर मागे बसला की पुरे. गेज लावून मोजा. दर वेळी खांदा फार मागे दाबत राहिलात तर पितळ बुडाच्या वर ताणलं जातं, पातळ होतं आणि एके दिवशी पुंगळी आडवी तुटते. त्याची चाहूल आधी लागते. कागदाच्या टाचणीची तार सरळ करा, टोक नखाएवढं वाकवून दगडावर घासून अणकुचीदार करा. पुंगळीत घालून बुडापासून भिंतीवर टोक घासत वर आणा. बुडाच्या थोडं वर टोक खाचेत अडकल्यासारखं झालं, की ती पुंगळी पक्कडीने चेपून भंगारात. बाहेरून त्याच जागी चकचकीत कडं दिसत असेल तरी तेच.

मग लांबी. .३०-०६ ची पुंगळी ६३.३५ मिलिमीटरपेक्षा लांब चालत नाही, ६३.१ ला कापा, तोंडाची धार आतून-बाहेरून मोडा. प्राइमर बुडाच्या पातळीपेक्षा केसभर आत बसला पाहिजे. डोळ्यापेक्षा बोट चांगलं सांगतं: प्रत्येक बुडावरून बोट फिरवा, उंचवटा लागला तर बाजूला ठेवा. चष्मा डोळ्यांवर हवा, हे वेगळं सांगायला नको.

दारू भरल्यावर सगळ्या पुंगळ्या लाकडी ठोकळ्यात उभ्या करून बॅटरीच्या उजेडात एकेकीत डोकावा. पातळी सगळीकडे सारखी दिसली तरच गोळी बसवायला घ्या. रिकामी राहिलेली पुंगळी सुद्धा धोक्याची असते: नुसत्या प्राइमरच्या जोरावर गोळी नळीत अडकते आणि मागून दुसरा बार काढला तर नळी फाटते. आणि ‘कमी दारू म्हणजे जास्त सुरक्षित’ हेही खरं नाही. सावकाश दारू तक्त्यातल्या सुरुवातीच्या मापाखाली नेऊ नका, दाब अनपेक्षित वाढू शकतो.

गोळी किती खोल बसवायची

नेमबाज मंडळी गोळी नळीतल्या आट्यांना टेकेल इतकी बाहेर ठेवतात. शिकाऱ्याने तो नाद सोडावा. काडतूस आधी मॅगझिनमध्ये मावलं पाहिजे. .३०-०६ ची ठरलेली कमाल लांबी ८४.८४ मिलिमीटर, तक्त्यात तुमच्या गोळीला दिलेली लांबी पाळा. आट्यांना टेकलेली गोळी दाब वाढवते, शिवाय न उडवलेलं काडतूस बाहेर काढताना गोळी नळीतच राहून दारू रायफलीच्या पोटात सांडू शकते. तांब्याच्या गोळीला आट्यांपर्यंत सव्वा मिलिमीटरच्या आसपास मोकळी उडी आवडते.

मापाची शिडी

सुरुवातीच्या मापापासून अर्ध्या ग्रेनच्या पायऱ्या करा, प्रत्येक पायरीची तीन काडतुसं. खालून वर उडवा, वेगमापक लावून. प्रत्येक बारानंतर पुंगळी बघा. बोल्ट उचलताना जड गेला, बुडावर एजेक्टरचा (पुंगळी बाहेर फेकणाऱ्या खिळीचा) चकचकीत ठसा उमटला, प्राइमर कडेपर्यंत सपाट झाला: यातलं एक जरी दिसलं तरी थांबा आणि वरच्या पायऱ्यांची काडतुसं घरी उघडून रिकामी करा. तक्त्यातल्या कमाल वेगाला तुम्ही कमी दारूत पोचलात, तर ते नशीब समजू नका. वेग फुकट मिळत नाही. दाबही तिथे पोचलेला असतो, पुंगळी काही बोलत नसली तरी.

आणि तो शेवटचा ग्रेन कशासाठी? २०० मीटरवर नेम बसवलेल्या रायफलीत सेकंदाला ३० मीटर वेग वाढवला, तर ३०० मीटरवर गोळी जेमतेम दोन सेंटिमीटर वर लागते. हरणाची मर्मजागा वीस सेंटिमीटरची. धक्का मात्र वाढतो, आणि धक्क्याला घाबरून चाप झटकणारा शिकारी दोन नव्हे, तीस सेंटिमीटरने चुकतो. मी कमाल मापाच्या एक-दीड ग्रेन खाली थांबतो.

तीन भोकं एका नाण्याखाली लपली म्हणून माप जिंकलं असं धरू नका; तीन बार योगायोगाने जवळ पडतात. निवडलेल्या मापाची दहा काडतुसं नळी गार होऊ देत उडवा. १०० मीटरवर दहा चार-पाच सेंटिमीटरच्या आत बसले तर शोध संपवा. त्याहून बारीक करण्यात हंगाम घालवणारे मी पाहिलेत, त्यांचा सराव तेवढा राहून जातो.

१०० मीटरवर पाच सेंटिमीटर वर लागेल असा नेम लावा; मग २०० वर बरोबर आणि ३०० वर वीसेक सेंटिमीटर खाली. हा अंदाज आहे, खरा आकडा तुमची रायफल त्या अंतरावर उडवूनच कळतो. आणि पहिला बार, गार स्वच्छ नळीतला, कुठे जातो हे वेगवेगळ्या दिवशी तपासा. जनावरावर तोच जाणार असतो.

शिकारीला न्यायचं प्रत्येक काडतूस निघण्याआधी चेंबरमध्ये घालून बघा. फायरिंग पिन काढता येत असेल तर काढून, आणि नळी सुरक्षित दिशेला धरूनच. मी आता एकही सोडत नाही.

आतून निघालेली गोळी

जनावर सोलताना पलीकडच्या कातडीखाली टणक गाठ हाताला लागली तर सुरी जपून चालवा. तिथे बहुतेक वेळा गोळीच असते. माझ्या डबीत एक आहे, १८० ग्रेनची, जोडलेल्या शिशाची. तोंड भुईछत्रासारखं उमललेलं, कडेला हाडाचा पांढरा चुरा अजून चिकटलेला, बूड मात्र आट्यांच्या रेघांसकट शाबूत. तराजूवर १३९ ग्रेन भरली. दोन्ही फुप्फुसं पार करून थांबली होती. डबीवर अंतर, कोन, कुठलं हाड लागलं आणि जनावर किती पावलं गेलं हे लिहिलंय. अशा चार-पाच डब्या जमल्या की पुढच्या वर्षी गोळी बदलायची की नाही, हे त्या उघडून ठरवा.